पैलकाठच्या बायका

मार्गशीर्षातली सकाळ खाडीवर उतरते ती पाऊल न वाजवता. आधी धुकं विरतं, मग कांदळवनाच्या माथ्यावर केतकीच्या पातीसारखी एक फिकट पिवळी कड उमटते, आणि मग अवघं पाणी उजळतं. ते निळं नसतं, हिरवं नसतं. शिंपल्याच्या आतल्या अंगासारखं क्षणात गुलाबी, क्षणात रुपेरी, कुठल्याच एका रंगाला वचन न देणारं.

अशा पाण्यावर विश्वास ठेवू नये, असं कस्तुरला वाटे.

शेळबंदराच्या काठावर, भावाच्या कारखान्यातल्या अर्ध्या बांधलेल्या होडीच्या सावलीत, ती रोज सकाळी उभी राही. होडीच्या उघड्या फासळ्यांमधून उन्हाचे पट्टे तिच्या अंगावर पडत. बावन्न वर्षांची कस्तुर, सडपातळ, ताठ कण्याची, पिकल्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली. आणि तिचे डोळे पलीकडे, आडवेळ गावाच्या वाळूवर रोवलेले.

त्या सकाळीही त्या आल्या.

पाच-सहा जणी. माडांच्या दाट काळोखीतून एकेक करून बाहेर पडल्या, पदर डोक्यावर, पावलं मंद. मधोमध एक बाळंतीण, कानांवरून घट्ट फडकं बांधलेली. वाळू ओलांडून त्या पाण्याच्या कडेला आल्या. पूर्वेला सूर्य होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. दक्षिणेला त्यांच्या देवीचं देऊळ होतं, तिकडेही नाही. त्या वळल्या त्या नेमक्या शेळबंदराकडे, मिस्त्र्यांच्या घराकडे, कस्तुरकडे. बाळंतीण पदराआड वाकली. काहीतरी पाण्यात पडलं. इतकं इवलं, की एवढ्या अंतरावरून पडलेलं दिसू नये, पडल्याचं फक्त कळावं. मग सगळ्यांनी हात जोडले, आणि जशा आल्या तशा त्या माडांत मिसळून गेल्या.

पाणी पुन्हा निष्पाप झालं.

कस्तुर सात वर्षांची असताना तिनं हे पहिल्यांदा पाहिलं होतं. धावत जाऊन आईला विचारलं, तर आईचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. उत्तर न देता आईनं मूठभर मीठ-मोहऱ्या घेतल्या, दोन्ही लेकरांवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. तडतड वाजलेल्या त्या मोहऱ्यांनीच कस्तुरला काय ते सांगितलं. पैलकाठच्या बायका आपल्या घरावर करणी करतात.

तेव्हापासून ती पाहत आली. पंचेचाळीस वर्षं. भाऊ करसनचं पहिलं मूल पाळण्यातच गेलं, तेव्हा तिला आठवलं की पंधरा दिवसांपूर्वी त्या येऊन गेल्या होत्या. दुसरं गेलं, तेव्हाही तिनं दिवस आठवले. तिसरी तेजल. ती जगली, तर कस्तुरनं तिला वर्षभर खाडीच्या अंगाला नेलंच नाही. वाऱ्यालाही दार उघडताना ती विचारी, तू कुठल्या काठाहून आलास?

घर मिस्त्र्यांचं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पणजोबा कानजी कच्छहून गलबतातून इथं उतरले, हातात तासणी आणि डोळ्यांत उत्तरेचं कोरडं आकाश घेऊन. त्यांनी होड्या बांधल्या. त्यांच्या लेकानं बांधल्या, नातवानं बांधल्या. या खाडीतली निम्मी लाकडं त्यांच्या हातांनी वाकवली. त्यांच्या जिभेवरची कच्छी विरून गेली, तिथं मालवणी रुजली, माशांचं कालवण रुजलं, गणपती रुजला. पण बाजारात आजही कुणी म्हणे, "ते काय, कच्छी. उपरे." चार पिढ्यांची मुळं त्या तीन अक्षरांनी उपटून निघत.

आणि पणजी?

पणजीचं नाव मेघबाई. ते नाव घरात दबक्या आवाजात घेतलं जाई. तिची तसबीर नव्हती, दागिना नव्हता, एकही गोष्ट नव्हती. होती फक्त एक कुजबुज, पिढ्यान्‌पिढ्या या खोलीतून त्या खोलीत सरपटत आलेली. या काठावर आल्या आल्याच मेघबाई रोज सकाळी एकटी होडी वल्हवत पैलकाठी जाई. रोज. वर्ष उलटून गेलं तरी जाई. दुपारी परते ती थकलेली, मूक, डोळे लाल, पोलक्याची पुढची बाजू ओली. कानजी तिला अडवत नसत. आणि त्यानंतरच्या वर्षी तिला मुलगा झाला. तो कस्तुरचा आजोबा.

पैलकाठी तिचं कोण होतं? आजोबा कुणाचे?

हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नाही. पण न विचारलेला प्रश्न घराच्या वाशांत वाळवीसारखा राहतो. वरून रंग शाबूत, आत भुसा. कस्तुरनं तो लहानपणीच ऐकला, आणि आपल्या रक्तावरही तिचा विश्वास उरला नाही.

तरी एकदा, विशीत, तिनं विश्वास ठेवून पाहिला होता.

आडवेळचा भालचंद्र तांडेल होडी दुरुस्तीला घेऊन आला होता. अकरा दिवस तो या काठावर राहिला. फळ्यांच्या सांध्यांत डांबर आणि कापूस ठोसताना तो गुणगुणे. ती चहा आणून देई, तो कप परत देताना बोटं जरा जास्त वेळ थांबत. अकराव्या दिवशी तो म्हणाला, "आयेक पाठवतंय." एवढंच. त्या दोन शब्दांवर कस्तुरनं एक अख्खं घर बांधलं. त्याला अंगण घातलं, अंगणात तुळस लावली.

आई आली नाही. आलं एक ताट. त्यात नारळ, हळदकुंकू आणि एक हिरवीगार साडी. आणणाऱ्या गड्यानं मान खाली घालून निरोप सांगितला, "जमणा नाय म्हणान सांगल्यानी. आणि साडी कस्तुरबायसाठी."

नकार, आणि वर साडी. जखम, आणि वर हळद. एवढी थट्टा कुणी कुणाची करतं? कस्तुरनं ती साडी ट्रंकेच्या तळाशी घातली आणि वर आपली तारुण्याची सगळी वर्षं एकेक घडी करून ठेवली. पुढं स्थळं आली. प्रत्येक स्थळात तिला एक ताट दिसे, प्रत्येक हसण्यात एक गडी, मान खाली घातलेला. ती कुणालाच हो म्हणाली नाही.

वडील गेले त्या दिवशी आडवेळची एकही होडी पाण्यात उतरली नाही. भर हंगाम, समुद्र शांत, तरी सगळ्या होड्या वाळूवर पालथ्या. दहाव्या दिवशी बाजारात तिकडचे काही पुरुष डोकी भादरून आलेले दिसले. इकडची माणसं कस्तुरच्या कानाशी लागली: तुमच्या मड्याचा वारा बाधू नये म्हणून उतारा केलाय त्यांनी. कस्तुरला ते पटलं. तिला असलं सगळंच पटे.

आणि आता तेजल.

तेजल पंचवीस वर्षांची, तालुक्याच्या शाळेत मुलांना भूगोल शिकवणारी, आत्याच्या संशयाच्या सावलीत वाढूनही सूर्यफुलासारखी उजेडाकडे तोंड केलेली. तिनं एका संध्याकाळी सांगितलं, "आत्या, मी लग्न करेन तर हर्षदशी." हर्षद तांडेल. आडवेळचा. भालचंद्राचाच पुतण्या.

कस्तुरच्या हातातला तांब्या खाली पडला, घरंगळत गेला, उंबऱ्याला लागून थांबला.

"नाय म्हणतले," ती म्हणाली. "बघ तू. नाय म्हणतले, आणि वर साडी धाडतले."

पण महिना झाला, नकार आला नाही. होकारही आला नाही. हर्षद गप्प, त्याचं घर गप्प, अवघं आडवेळ गप्प. शेवटी त्या मार्गशीर्षातल्या सकाळी, बायका येऊन गेल्यावर तासाभरानं, तरीवाल्या नावाड्याबरोबर निरोप आला. हर्षदच्या आजीचा. भामाआजीचा.

"कस्तुरला पाठवा. एकटीलाच."

एकटीलाच का? करसननं हातातली तासणी खाली ठेवली आणि म्हणाला, "जाऊ नको, बाय." तेजल फक्त पाहत राहिली, आणि त्या पाहण्यात आर्जव एवढं होतं की कस्तुरला आपल्याच विशीतले डोळे आठवले.

ती गेली. कमरेला तिनं मिठाची पुरचुंडी खोचली होती.

तरीची होडी पाणी कापत निघाली. भरती अजून चढायची होती. ज्या काठाला तिनं आयुष्यभर नजरेनं टोचलं तो काठ आता मोठा मोठा होत तिच्या अंगावर येऊ लागला: माडांचे वाकलेले करडे कंठ, उन्हात पसरलेली जाळी, सुकत घातलेल्या बांगडा मासळीचा उग्र, क्षारगंधी दरवळ. पावलं वाळूला लागली आणि तिला वाटलं, वाळूनं आपली पावलं मोजून घेतली.

वाटेवर बायका उभ्या होत्या. एक, दोन, पाच, मग मोजता येईनात इतक्या. ती जवळ आली की बसलेली उठे, उठलेली डोक्यावर पदर ओढून घेई. एका म्हातारीनं तर वाकून तिच्या पावलांखालची वाळू उचलली आणि मुठीत धरली.

माझ्या पायाची धूळ कशाला हवी यांना? कस्तुरचा हात कमरेकडे गेला. मिठाची पुरचुंडी तिथंच होती, आणि तिचा काही आधार वाटत नव्हता.

तांडेलांच्या अंगणात चटई घातलेली होती. एका सुनेनं तिच्या पायांवर कोमट पाणी घातलं, पदरानं पाय पुसले. दुसरीनं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. बळीच्या बोकडालाही आधी न्हाऊ घालतात, माळ घालतात, हे कस्तुरला ठाऊक होतं. तिनं तांब्याला हात लावला नाही.

समोर भामाआजी बसली होती. ऐंशी ओलांडलेली, सुकलेल्या शेंगेसारखी, पण डोळे ओल्या काळ्या दगडासारखे. तिच्यामागे सात बायका अर्धवर्तुळात बसल्या होत्या, निरनिराळ्या वयांच्या, निरनिराळ्या घरांच्या. अंगणाच्या टोकाला, माडाच्या बुंध्याशी, एक पाठमोरा पुरुष जाळं विणत होता. पाठ वाकली होती, केस पिकले होते. कस्तुरनं त्या पाठीला ओळखलं आणि नजर काढून घेतली.

"पाणी पी गो बाय," म्हातारी म्हणाली.

"माका तान नाय. माका एकटीक कित्याक बोलावलंस?"

"सांगतंय. आधी बस."

"आधी तू सांग." कस्तुर उभीच राहिली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला; पंचेचाळीस वर्षांचा गंज त्याच्यावर चढला होता. "माझ्या घराकडे तोंड करून तुमच्यो बाळंतिणी पाण्यात काय टाकतत? आज सकाळीसुद्धा टाकल्यानी. माझ्या भावाची दोन पोरां गेली. काय टाकतास तुम्ही?"

सातही बायकांच्या माना खाली गेल्या. आणि भामाआजीच्या ओल्या काळ्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, सुरकुत्यांच्या वाटा शोधत हनुवटीवर आलं.

"दूध," ती म्हणाली. "अंगावरचा दूध, बाय. दोन थेंब. बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी. आमच्या आवशीक, आयेक."

"कोण तुमची आवस?"

"मेघबाय."

ते नाव! आपल्या घरात कधी मोठ्यानं न उच्चारलेलं ते नाव त्या परक्या अंगणात घंटेसारखं घुमलं. कस्तुर चटईवर बसली.

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "शपथ हा आमका, तुमच्या घरात सांगूची नाय म्हणान. शंभर वर्सां कोणी मोडूक नाय. आज मी मोडतंय. पाप लागलां तर माका लागांदे. माझे दीस किती उरलेत?"

आणि मग तिनं सांगितलं. हळूहळू, थांबत, जणू ओल्या वाळूतून एकेक शिंपला उकरून काढावा तसं.

मानमोडीचं वर्ष होतं. तापाची ती काळी लाट काठाकाठानं आली आणि आडवेळवर फुटली. बारा दिवसांत अकरा बायका गेल्या. त्यांच्यातल्या सात जणी बाळंतिणी. मागं राहिली सात तान्ही. शेळीचं दूध त्यांच्या पोटात ठरेना, पेजेची निवळ ठरेना. सात पाळण्यांतून रडण्याचा आवाज येई, तो दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. वारा पडला की तो आवाज पाण्यावरून वाहत वाहत पलीकडे जाई.

पलीकडे एक परदेशी बाई नुकतीच गलबतातून उतरली होती. वाटेत, दर्यावर, तिचं महिन्याचं मूल गेलं होतं. कापडात गुंडाळून, दगड बांधून, खलाशांनी ते पाण्याला दिलं होतं. तिची भाषा इथं कुणाला कळत नव्हती. इथली भाषा तिला कळत नव्हती. पण बाळाच्या रडण्याला भाषा नसते; ते रडणं तिच्या कानांवर पडलं आणि तिचं पोलकं ओलं झालं.

"दुसऱ्या दिवशी ती इली," भामाआजी म्हणाली. "एकटी. होडी वल्हवीत. हंयच, वाळूत येऊन बसली आणि दोनय हात पुढे केल्यान. कोणीच पोर देवक नाय."

"कित्याक?"

"भियाली माणसां. खंयची कोण बाई. जात म्हायत नाय, बोली कळणा नाय. आमचीच माणसां म्हणाली, मेल्या पोराच्या आवशीचा दूध, ता दूध नव्हे, इख. हडळच ती, पोरां खावक इली." म्हातारीनं एक श्वास घेतला. "दगड मारल्यानी तिका. कपाळार लागलो. ती हलली नाय. रगत पुसल्यान आणि परत हात पुढे केल्यान. दिवसभर उन्हात बसली. सांजेक माझ्या सासऱ्याच्या आजयेन पोर उचलल्यान. पाच दिवसांचो माझो सासरो, निळो पडलेलो. म्हणाली, असोही मरतलो, तसोही मरतलो. आणि तिच्या मांडयेर ठेवल्यान."

मागं कुठंतरी एक कोंबडी कलकलली.

"जगलो. पंच्याऐंशी वर्सां जगलो माझो सासरो."

मग चौदा महिने. रोज सकाळी ती आली. दोघांना एका वेळी, मग दोघांना, मग आणखी दोघांना, आणि सातव्याला शेवटी, मांडीवर एकट्यालाच. पावसाळ्यातही आली. कानजी मिस्त्री तिला अडवीत नव्हते. ते स्वतः तिची होडी पाण्यात ढकलून देत आणि दुपारपर्यंत काठावर उभे राहत. सातही मुलं रांगली, सातही उभी राहिली. सातव्यानं पहिलं पाऊल टाकलं त्या दिवशी गावानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि विचारलं, काय देऊ?

तोवर तिला इथली बोली आली होती. तिनं काही मागितलं नाही. उलट शपथ घातली.

"म्हणाली," भामाआजीनं डोळे मिटले, जणू ते शब्द पापण्यांच्या आत कोरलेले होते, "माझ्या वंशाक ह्या कधी सांगू नकात. सांगितलास तर माझी पोरां एक दिवस तुमच्याकडे मागूक येतली, आणि तुम्ही देतलास. मगे ता दूध विकल्यासारख्या होतला."

कस्तुर ऐकत होती. तिच्यातली पंचेचाळीस वर्षांची पहारेकरीण अजून दारात उभी होती, भाला घेऊन. ती म्हणत होती, गोड गोष्ट आहे. फार गोड. यांना मुलगी हवी आहे, म्हणून रचली असेल. फट शोध. कुठंतरी फट असेल.

तेव्हा मागच्या सात बायका एकेक करून उठल्या. पहिली म्हणाली, "आमच्या घरातलो सखाराम, दोन म्हयन्यांचो." दुसरी म्हणाली, "आमची चंद्रभागा, सोळा दिवसांची." तिसरी, चौथी. सात घरं, सात नावं. अंगणाबाहेर, कुंपणापाशी, वाटेवर जी माणसं मुकी उभी होती, पोरं कडेवर घेतलेल्या लेकी, मिसरूड फुटलेले मुलगे, काठी टेकलेले म्हातारे, ती सगळी त्या सात नावांची पालवी होती. एका स्तन्यधारेतून फुटलेलं एवढं मोठं, श्वास घेणारं, पापण्या मिटणारं अरण्य.

आणि कस्तुरनं आयुष्यभर जमवलेला एकेक पुरावा तिच्या डोळ्यांसमोर कूस बदलू लागला. वडील गेले त्या दिवशी वाळूवर पालथ्या पडलेल्या होड्या. ते वारं टाळणं नव्हतं, ते सुतक होतं. भादरलेली डोकी उतारा नव्हती; घरचं माणूस गेल्यावर पुरुष जे करतात ते त्यांनी केलं होतं. दुपारी परतणाऱ्या मेघबाईचे लाल डोळे, ओलं पोलकं... अरे देवा! आपणच, तिच्याच पोटच्यांनी, तिला काय काय म्हटलं मनात! परक्यांनी तिला एकदाच दगड मारला. आपण शंभर वर्षं मारत होतो.

मग तिला साडी आठवली. आणि संताप आला, इतका की डोळ्यांसमोर ऊन काळं पडलं.

"आणि माझां काय?" ती ओरडली. माडाच्या बुंध्याशी विणणारे हात थबकले. "माका कित्याक नाय म्हटलास? तीस वर्सां मी ती साडी..."

"भाव भयणीक लग्नाक कसो मागतलो, बाय?" भामाआजी कळवळून म्हणाली. "एकाच दुधाची तुम्ही. सात घरांतलो एकय झिल तुमच्या घरात सोयरीक करूचो नाय, ही आमची रीत. ह्यो माझो झिल, भालचंद्र, तीन दीस जेवलो नाय. तेका सांगलां तेव्हा तो रडलो, आणि म्हणालो, मगे भयणीक साडी तरी धाड. ती साडी तेना स्वतः जाऊन आणल्यान. भावाची म्हणान."

पाठमोरा पुरुष वळला. भालचंद्राचा चेहरा उन्हानं आणि मिठानं रापला होता. फक्त डोळे विशीतले होते. "कस्तुर," तो म्हणाला. "सांगूक येय नव्हतां गो. शपथ होती."

म्हणजे तिला कुणी नाकारलंच नव्हतं. ती परकी होती म्हणून दार बंद झालं नव्हतं. ती फार जवळची होती म्हणून बंद झालं होतं. केवढं हे निर्दय प्रेम! एका बाईच्या करुणेनं शंभर माणसं जगली, आणि त्याच करुणेच्या धाग्यानं तिच्या पणतीचं आयुष्य गळ्याशी आवळलं गेलं. कस्तुरला हसू आलं. ते हसू रडण्यात मिसळलं, आणि कुठलं कुठं संपलं ते तिला कळलं नाही.

भामाआजी हळूच म्हणाली, "हर्षद आयकणा नाय. म्हणता, तेजल नाय तर कोण नाय. एकदा आम्ही एक घर मोडलां, तुझां. परत मोडूक हात धजणा नाय. म्हणान बोलावलां. तिच्या वंशातली थोरली बायल तू. तू सोडलंस तर ही रीत सुटात. पण बाय, सोडलंस तर सगळांच सुटतलां. सून केली म्हणजे भयण उरली नाय. सुतक नाय, बाराव्याचा दूध नाय. मेघबायची आठवण पुसान जातली."

काय हा तोल! एका पारड्यात तेजलचं सुख, दुसऱ्या पारड्यात पणजीची एकुलती एक खूण. आणि तीही कस्तुरच्या हाती अर्ध्या तासापूर्वी आलेली. जन्मभर जिला घराबाहेर सगे नव्हते तिला आज एक अख्खं गाव मिळालं होतं. आणि ते गावच तिला विचारत होतं, आम्हाला सोडतेस का?

ती उठली. अंगणाच्या कडेपर्यंत गेली. पलीकडे, खाडीपार, तिचं घर इवलं दिसत होतं, इतकं एकटं, इतकं घाबरलेलं. या काठावरून आपलं घर असं दिसतं, हे तिला कधी ठाऊकच नव्हतं.

ती वळली.

"पोरां जगूक दूध दिल्यान तिना," कस्तुर म्हणाली. "बांधूक नाय दिल्यान. तुम्ही तेची दोरी वळलास. प्रेमान वळलास, पण दोरीच ती." सगळं अंगण ऐकत होतं. "तेजल तुमची सून. मी तुमची भयण. माझ्यापुरती रीत ऱ्हवांदे. मी गेल्यावर तुमच्यो होडयो एक दीस काठार ऱ्हवांदेत, आणि मगे सोडा. आठवण ऱ्हवाची तर शपथ नको. आता मोठ्यान सांगा. पोरांक सांगा, शाळेत सांगा, बाजारात सांगा."

भालचंद्र पुढं आला, पाण्याचा तो तसाच राहिलेला तांब्या उचलला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला. कस्तुरनं तो घेतला आणि घटाघटा प्यायली. बोटं बोटांना लागली. या वेळी ती कुणाची थांबली नाहीत.

लग्न माघात, चतुर्थी झाल्यावर करायचं ठरलं. सुना हसू लागल्या, चुली पेटल्या, कुणी तिच्या केसांत अबोली माळली. तिन्हीसांजेच्या आत निघायला हवं म्हणून ती उठली, तेव्हा सगळं गाव तिला पोचवायला वाळूवर आलं. तरीत पाय ठेवता ठेवता ती थबकली. तिच्या मनात एक प्रश्न उगवला होता; संशय नव्हे, प्रश्न. किती वेगळा असतो तो.

"आजी, सातांची नावां आयकलंय. तिचां जां दर्यात गेलां, तेचां नाव काय?"

भामाआजीनं मान हलवली. "ता तिना कधी सांगूक नाय. आणि आम्ही... आम्ही कधी इचारूकच नाय."

तरीची होडी निघाली. दिवस कलला होता. भरतीनं खाडी काठोकाठ भरली होती, आणि पश्चिमेचं केशर त्या तुडुंब पाण्यात ओतलं जात होतं, संथ, अखंड, अमाप. मध्यावर आल्यावर कस्तुरनं तरीवाल्याला जरा थांबायला सांगितलं. त्यानं वल्ही वर घेतली. वल्ह्यांवरून पाणी ठिबकलं आणि मग तेही थांबलं.

सातांना आई मिळाली, घर मिळालं, नातवंडं मिळाली. आठव्याला काहीच नाही. त्याच्या वाट्याचं सगळं या काठानं पिऊन टाकलं होतं, आणि ते मात्र तिकडे, जिथं या खाडीचं पाणी दर्याला मिळतं त्याच्याही पलीकडे, शंभर वर्षं निजलं होतं. त्याचं कुणी सुतक धरलं नाही. त्याला कुणी नावानं हाक मारली नाही. आईनंसुद्धा, पुन्हा कधी नाही.

कस्तुर तरीच्या कडेला बसली. कधीही अंगाई न गायलेला, कुणालाही जवळ न बोलावलेला तो कोरडा कंठ तिनं हलकेच मोकळा केला, आणि सागराच्या दिशेनं, त्या अपार केशरी शांततेत, हाक मारली.

"बाळा..."

हाक पाण्यावरून गेली. दूर गेली. कांदळवनातून बगळ्यांची एक रांग उठली, शुभ्र, नि:शब्द, आणि पंख न वाजवता, एकामागून एक, समुद्राच्या अंगाला उडत गेली. शेवटचा बगळा जरा मागं राहिला होता. तोही गेला. कस्तुर पाहत राहिली. आणि पाणी, किती पाणी, काठोकाठ, संथ, हळूहळू सावळं होत गेलं.